साडेतीनशे किलोंचा फरक

दादाचा प्रश्न सरळ होता. वापरलेली पण चांगल्या अवस्थेतली जीटी घ्यायची झाली, तर बेंटली कॉन्टिनेन्टल जीटी घ्यावी की ॲस्टन मार्टिन डीबी११? वर्षभर तो आणि वहिनी यावर बोलत होते. शेवटी वहिनींनीच तोडगा काढला. दोन्ही गाड्या पाच-सहा दिवस भाड्याने घ्यायच्या आणि ज्या कामासाठी त्या बनवल्या आहेत तेच काम त्यांच्याकडून करून घ्यायचं. जीटी म्हणजे ग्रँड टूरिंग, सामान भरून देशांमागून देश ओलांडत जाणं. दिवसाला पाच-सहाशे किलोमीटर व्हायचे तर दोन गाड्यांना तिसरा चालक हवा, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी एका पायावर तयार होतो.

बेंटली २०१८ची, तिसऱ्या पिढीतली. सहा लिटरचं डब्ल्यू१२ इंजिन, दोन टर्बो, ६३५ अश्वशक्ती, ९०० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे चाकं फिरवणारा पीळ). ॲस्टन २०१७ची. ५.२ लिटरचं व्ही१२, तिलाही दोन टर्बो, ६०८ अश्वशक्ती, ७०० न्यूटन-मीटर. शून्य ते शंभर एकीला ३.७ सेकंद लागतात, दुसरीला ३.९. कागदावर दोघी जुळ्या बहिणी वाटतात, पण वजनाच्या रकान्यात चित्र बदलतं. बेंटली सव्वादोन टनांच्या घरात आहे आणि ॲस्टन तिच्याहून साडेतीनशे किलोंनी तरी हलकी. ॲस्टनमध्ये पाच धडधाकट माणसं कोंबली की तिची बेंटली होते. हा आकडा मी निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता.

पहिला दिवस: फोकस्टोन ते रँस

सामान भरतानाच पहिला निकाल लागला. बेंटलीची डिकी ३५८ लिटरची, ॲस्टनची २७०. तीन मोठ्या बॅगांपैकी दोन बेंटलीत सहज बसल्या, तिसरी ॲस्टनमध्ये तिरकी करून घालावी लागली. मागच्या सीटा दोन्ही गाड्यांना आहेत, पण तिथे मोठं माणूस बसवून त्याचे हाल करू नयेत. ॲस्टनच्या मागच्या सीटवर वहिनींनी कोट, पाण्याच्या बाटल्या आणि नकाशे ठेवले, आणि ती जागा पाचही दिवस त्याच कामी आली.

इंग्लंडमधल्या फोकस्टोनहून इंग्लिश खाडीखालून गाड्या रेल्वेच्या डब्यात चढवून नेतात. बोगदा पन्नास किलोमीटरचा, त्यातले जवळजवळ ३८ समुद्राखाली. गाडीतून न उतरता पस्तीस मिनिटांत माणूस फ्रान्समध्ये. डब्यात रुंदीला जागा बेताची, त्यामुळे मोठे रिम सांभाळत, जवळजवळ श्वास रोखून मी ॲस्टन आत घातली. मग दादाच्या गाडीत जाऊन बसलो, तर त्याने वुल्फ बार्नाटोची गोष्ट काढली.

बार्नाटो म्हणजे बेंटली कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष. ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला असा माणूस. मार्च १९३०मध्ये त्याने पैज मारली की दक्षिण फ्रान्समधल्या कान शहराहून सुटणारी ब्लू ट्रेन ही रेल्वेगाडी उत्तर किनाऱ्यावरच्या कॅलेला पोचायच्या आत आपण मोटारीने थेट लंडन गाठू. रात्रभर गाडी हाणत, बोटीने खाडी ओलांडून तो लंडनमधल्या आपल्या क्लबात शिरला, तेव्हा ट्रेन कॅलेला लागायला चार मिनिटं होती. या पैजेच्या चित्रांत उतरत्या छपराची एक देखणी कूपे दिसते, पण ती त्या रात्री रस्त्यावर नव्हतीच. ती त्याच्या हाती नंतर आली. पैज जिंकणारी बेंटली स्पीड सिक्स साध्या, चौकोनी सलून बॉडीची होती. मला हा तपशील त्या देखण्या चित्राहून जास्त आवडतो.

कॅलेहून रँसकडे जाणारा ए२६ हा अडीचशेहून अधिक किलोमीटरचा मोटारमार्ग. शेतं, पवनचक्क्या, मधूनच पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीकडे नेणाऱ्या पाट्या. अरासच्या आधीच पाऊस सुरू झाला. फ्रान्समध्ये पावसात मोटारमार्गाची मर्यादा १३० वरून ११० वर येते, तरी ट्रकच्या मागे उडणाऱ्या पाण्याच्या भिंतीत शिरताना ११०सुद्धा पुष्कळ वाटतात. मी ॲस्टनमध्ये एकटा होतो. ७०० न्यूटन-मीटर, आणि ते सगळे मागच्या दोन चाकांना. गाडी कुठे घसरली नाही, पण रस्त्यावर पाणी साचलं की स्टिअरिंग हातात किंचित हलकं व्हायचं, आडवा वारा आला की बॉनेटचं ते लांबलचक नाक मला कळवायचं. दीड तासात खांदे भरून आले.

विश्रांतिथांब्यावर गाड्या बदलल्या. बेंटलीचं दार लावलं आणि क्षणभर वाटलं, पाऊस थांबला. काचेवर थेंब तसेच आपटत होते, फक्त त्यांचा आवाज आत पोचत नव्हता. गाडी पाण्यावरून अशी सरळ चालली होती की वाऱ्याला तिची दखलच घेता येत नव्हती. गरज पडेल तसा ३८ टक्क्यांपर्यंत टॉर्क पुढच्या चाकांकडे जातो. पण माझ्या मते त्या दिवशी खरं काम केलं ते वजनाने. उरलेले सव्वाशे किलोमीटर कधी संपले ते कळलं नाही.

संध्याकाळी पाऊस उघडल्यावर रँसबाहेर ग्युएच्या जुन्या शर्यतमार्गावर गेलो. आता तो साधा सार्वजनिक रस्ता आहे, पण कडेला पिट्सच्या आणि प्रेक्षकांच्या इमारती उभ्या आहेत, रंगवलेल्या जुन्या जाहिरातींसकट. १९५३ची फ्रेंच ग्रांप्री ही मोटारशर्यत माइक हॉथॉर्नने फांजिओच्या एक सेकंद पुढे राहून जिंकली ती इथेच. दोन्ही गाड्या पिट्ससमोर लावल्या. बेंटलीकडे पाहताना तिची भक्कम मांडणी लक्षात येते, ॲस्टनकडे पाहताना नजर छपरावरून मागे घसरत जाते आणि परत पुढे यायला मागत नाही. दादा दहा मिनिटं ॲस्टनभोवतीच फिरत होता.

दुसरा दिवस: रँस ते मार्टिनी

सर्वांत लांब दिवस, स्वित्झर्लंडमधल्या मार्टिनी गावापर्यंत सहाशे किलोमीटरच्या आसपास. बहुतेक वेळ मी बेंटलीत होतो, शेजारी वहिनी.

आतल्या कारागिरीबद्दल बोललं पाहिजे. डॅशबोर्डच्या मध्यभागी १२.३ इंचांचा पडदा आहे. बटण दाबलं की तो अख्खा भाग आतल्या आत फिरतो आणि जागी तीन गोल तबकड्या येतात: बाहेरचं तापमान, होकायंत्र, घड्याळ. पुन्हा दाबलं की नुसतं लाकूड, बाकीच्या डॅशबोर्डशी रेघेला रेघ जुळणारं. वहिनींनी ते लाकडावर आणून सोडलं. म्हणाल्या, “भाऊजी, आता कुठे गाडीत बसल्यासारखं वाटतंय. पडदे घरी काय कमी आहेत?” हवेच्या झरोक्यांचे धातूचे दट्टे ओढताना बोटांना जो वजनदार, तेल पाजल्यासारखा सरकता स्पर्श होतो, तो मी पुन्हा पुन्हा घेत होतो.

डब्ल्यू१२ हे इंजिनही असंच दाटीवाटीतल्या कौशल्याचं. अगदी अरुंद कोनाची दोन सहा-सिलिंडर इंजिनं एकाच क्रँकवर जोडावीत तशी त्याची रचना. सिलिंडर आलटूनपालटून बसवल्यामुळे बारा असूनही लांबी कमी. लांबी कमी म्हणून चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा पुढे सामावते. आवाज मात्र दूरचा, दबका. शेजारच्या खोलीत कोणी काम करत असावं तसा.

ॲस्टनची टाकी ७८ लिटरची, बेंटलीची ९०. त्यामुळे कुठे थांबायचं हे दिवसभर ॲस्टनने ठरवलं. दोन्ही गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या आणि टोलनाके डावीकडे. बेंटलीत वहिनी हात बाहेर काढून पैसे देत, ॲस्टनमध्ये एकट्या असलेल्या दादाला काचेवर लावलेल्या टोल-टॅगने वाचवलं.

दिजोंनंतर मोटारमार्ग सोडून जुरा पर्वतातून पाँतार्लिएवरून स्वित्झर्लंडमध्ये उतरलो. लोझानच्या पुढे लेमान सरोवर उजव्या हाताला पसरलं, डावीकडे लाव्होच्या द्राक्षमळ्यांच्या दगडी पायऱ्या. रात्री वही उघडली आणि गडबडलो. लाँग्रच्या पठारावरून आम्ही गेलो होतो, दुपारचा मोठा भाग तिथे गेला होता, आणि मला त्यातलं काही आठवत नव्हतं. उन्ह होतं की ढग, रस्ता चढाचा होता की सपाट, काहीच नाही. दादाला विचारलं, तर तो ॲस्टनमधून तोच रस्ता उतरला होता, म्हणाला, “अरे, पठारावर वारा केवढा होता! आणि मध्ये एक पट्टा नवीन डांबराचा, तिथे गाडी एकदम गप्प झाली, आठवत नाही तुला?”

तिसरा दिवस: ग्रेट सेंट बर्नार्ड

या दिवसासाठी मी आलो होतो. मार्टिनी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आत, इटलीत उतरणारी ही आल्प्समधली खिंड २,४६९ मीटरवर. पन्नासेक किलोमीटरच्या घाटात दोन हजार मीटर चढायचे. बरीचशी वाहतूक १९६४ साली खुल्या झालेल्या बोगद्यातून जाते. हिमकड्यांपासून वाचवायला बांधलेल्या छताखालून रस्ता जात राहतो, मग फाटा येतो. ट्रक बोगद्याकडे वळतात आणि जुना घाटरस्ता तुमच्या एकट्याचा होतो.

चढताना ॲस्टन माझ्याकडे होती. स्टिअरिंगच्या एका बाजूचं बटण इंजिन आणि गिअरचा स्वभाव ठरवतं, दुसऱ्या बाजूचं सस्पेन्शनचा. इंजिन स्पोर्टवर घेतलं, सस्पेन्शन मऊच ठेवलं, कारण हिवाळ्याने रस्त्याला जागोजागी ठिगळं लावली होती. कडक सस्पेन्शन स्पोर्टी असतं हा गैरसमज अशा रस्त्यावर पहिल्या दोन वळणांत फिटतो. चाकाला खाली-वर होऊ दिलं तरच ते जमिनीवर राहतं.

या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनाला चिकटलेला नाही. तो मागच्या चाकांपाशी आहे आणि कार्बन फायबरचा दांडा इंजिनाची ताकद तिथवर नेतो. म्हणून एवढं मोठं व्ही१२ पुढे असूनही वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलं जातं. वाचलं होतं, घाटात ते कमरेला कळलं. वळणात शिरताना नाक आत येतं आणि गाडी तुमच्या कमरेभोवती फिरते. मागच्या टायरची पकड किती शिल्लक आहे ते सीटमधून समजत राहतं. डीबी ही अक्षरं डेव्हिड ब्राउन यांची. १९४७ साली त्यांनी ही कंपनी घेतली तेव्हा त्यांचा मूळ धंदा ट्रॅक्टर आणि गिअर बनवण्याचा होता, हे मला त्या चढावर आठवलं आणि बरं वाटलं.

हवा विरळ होत गेली तरी इंजिन थकलं नाही. टर्बो हवा कोंबून भरतात, त्यामुळे उंचीवर साधी इंजिनं जशी धापा टाकतात तसं इथे होत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये चार हजार फेऱ्यांच्या वर व्ही१२चा आवाज बदलतो. खर्ज सुटतो आणि एक सलग, तापलेला सूर लागतो. दगडी कड्यांवरून तो परत यायचा आणि मी काच बंद करायला तयार नव्हतो, बोटं गारठली तरी.

माथ्यावर तळं आणि अकराव्या शतकापासून वाटसरूंना आसरा देणारा मठ आहे. मे १८००मध्ये नेपोलियन आपलं सैन्य घेऊन याच खिंडीतून इटलीत उतरला. तोफा सुट्या करून, त्यांच्या नळ्या पोखरलेल्या ओंडक्यांत ठेवून माणसांनी बर्फावरून ओढल्या. तळ्याकाठी उभं राहून मी त्या ओझ्याचा विचार करत होतो. घाटात शेवटी हिशेब वजनाचाच असतो, वर नेताना आणि त्याहून जास्त खाली आणताना.

खाली आणायला बेंटली घेतली. आओस्तापर्यंत पुन्हा एकोणीसशे मीटर उतार. पुढचे ब्रेक ४२० मिलिमीटर व्यासाचे, दहा पिस्टनच्या पकडीचे, आणि पहिल्या वळणावर त्यांची गरज पटली. पाय ठेवला की गाडी थांबते, हमखास थांबते. पण ॲस्टनमध्ये जिथे ब्रेक लावत होतो त्याच्या बऱ्याच आधी इथे लावावा लागतो, कारण सव्वादोन टन उताराला लागले की त्यांना स्वतःची ओढ असते. वळणात मात्र ती झुकत नाही. ४८ व्होल्टची मोटर अँटी-रोल बारला, म्हणजे वळणात गाडीला कलू न देणाऱ्या दांड्याला, उलटा पीळ देते, ०.३ सेकंदात १,३०० न्यूटन-मीटरपर्यंत, आणि एवढी मोठी गाडी सपाट राहून वळते. थक्क करणारं काम आहे. तरी बाहेरच्या टायरवर येणारा भार जातो कुठे? तो तिथेच असतो, फक्त तुम्हाला सांगितला जात नाही. वेग किती आहे हे मी शरीराने ओळखायचं सोडून काट्याकडे पाहून ओळखायला लागलो, आणि घाटात मला ते नको होतं.

वहिनी माझ्या मागून ॲस्टन उतरवत आल्या. आओस्तात उतरल्या, बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग दादाला म्हणाल्या, “तुमचं बरोबर होतं.” गंमत अशी की मूळची बेंटलीची बाजू वहिनींची होती आणि ॲस्टनची दादाची. तो दिवसभर बेंटलीतच होता.

संध्याकाळी खोऱ्यातल्या बोगद्यांतून, इव्रेआवरून कोमोकडे. हा तुरीनचा मुलूख, लँचिया या मोटार कंपनीचा. तिची १९५१ची ऑरेलिया बी२० जीटी ही पहिली खरी जीटी असं पुष्कळ जाणकार मानतात. दोन लिटरचं छोटं व्ही६ आणि गिअरबॉक्स मागे, आजच्या ॲस्टनसारखाच. ताकद ऐंशी अश्वशक्तीसुद्धा नव्हती. हलकं असणं हाच तिचा वेग होता.

चौथा दिवस: स्टेल्व्हिओ

सगळे उत्तर इटलीतल्या या घाटाचे फोटो पाहून येतात आणि आम्हीही आलो. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी बांधलेला हा रस्ता. उंची २,७५७ मीटर, खालच्या प्रातो गावाच्या बाजूला ४८ हेअरपिन वळणं, प्रत्येकाला क्रमांकाचा दगड. बांधकाम म्हणून पाहावं तर डोळ्यांचं पारणं फिटतं.

पण जीटी गाड्यांसाठी हा रस्ता चुकीचा. सायकलस्वार, बस, मोटारसायकली, आणि वळणं इतकी घट्ट की पावणेपाच-पाच मीटरची गाडी समोरची सगळी जागा वापरून फिरते. बेंटलीत तर पुढून कोणी येत नाही ना हे पाहायला थांबावंच लागायचं. पहिला गिअर, दुसरा गिअर, पुन्हा पहिला. बारा सिलिंडर दोन्हीकडे वाया. कालच्या लांब, उघड्या वळणांवर या गाड्या जशा फुलल्या तशा इथे फुलल्या नाहीत. प्रातोत पोचून आम्ही लवकर झोपलो.

पाचवा दिवस: प्रातो ते उल्म

रेशन खिंडीजवळचं धरण १९५०मध्ये भरलं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. तळ्यातून चर्चचा मनोरा तेवढा वर दिसतो. तिथे पाच मिनिटं थांबून ऑस्ट्रियातून फ्युसेनला, आणि मग जर्मनीचा ए७. केम्प्टनच्या पुढे वेगमर्यादा संपल्याची पाटी आली. रस्ता कोरडा, रहदारी विरळ.

दादा बेंटलीत, मी शेजारी. त्याने पाय दाबला. १६०, २००, २३०. गाडी हवेच्या उश्यांवर खाली बसली आणि आमचं बोलणं त्याच आवाजात सुरू राहिलं. २५० ला मी काट्याकडे पाहिलं नसतं तर पटलं नसतं. त्या वजनाचं सोनं इथे झालं. दूरवर एक ट्रक दुसऱ्याला ओलांडायला बाहेर आला. दादाने ब्रेक लावला, वेग शंभरावर आला, आणि मांडीवरची वही जागची हलली नाही.

पुढच्या टप्प्यात ॲस्टन घेतली. २२०च्या पुढे ती जिवंत होते. गाडीला खाली दाबून ठेवणारा पंख (स्पॉयलर) दिसत नाही, पण छपराच्या मागच्या खांबापाशी असलेल्या फटीतून हवा आत शिरते आणि डिकीच्या झाकणावरच्या चिरेतून वर फेकली जाते. तोच तिचा पंख. मागची बाजू दबलेली जाणवते, पुढे मात्र दोन्ही हात लागतात. २४० ला मी बोलणं बंद केलं. घाबरलो नव्हतो, सगळं लक्ष तिने मागून घेतलं होतं.

उल्मच्या पेट्रोल पंपावर दादाने विचारलं, “बोल, कुठली?”

मी त्याला वही दाखवली. बेंटलीत गेलेल्या तासांची पानं जवळजवळ कोरी होती. ॲस्टनच्या तासांना पानं पुरली नव्हती: कुठे वारा होता, कुठे डांबर बदललं, सेंट बर्नार्डच्या कुठल्या वळणावर सूर लागला. मी ॲस्टन म्हणालो. लांबचा रस्ता मला आठवणीत हवा आहे.

दादाने वही शांतपणे चाळली. “तू तिशी-चाळिशीतला आहेस,” तो म्हणाला. “बेंटलीतून संध्याकाळी उतरताना माझी पाठ दुखली नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. तुझ्या वहीत ते नाही.”

ते खरंच नव्हतं. पहिल्या दिवशी पावसात भरून आलेले माझे खांदेही मी दोन ओळींत उरकले होते. मी पेन काढलं आणि कोऱ्या पानावर दादाचं वाक्य तारखेसकट लिहून घेतलं.

“आम्ही बेंटली घेणार,” दादा म्हणाला. वहिनींनी मान हलवली, पण हलवली कुठल्या दिशेने ते सांगता येणार नाही. परतीचा लांब रस्ता उद्या सुरू होणार होता, आणि ॲस्टनची किल्ली आओस्तापासून त्यांच्याच पर्समध्ये होती. मला गाडी हवी असली की मागून घ्यावी लागायची.